सही नसलेली यादी

देनिया मोंताल्वोने आपला प्रश्न कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून आणला होता. 'ला पाल्मिताची मुलं वर्गात लक्ष का देत नाहीत?' उबाल्दिना बाईंनी तो वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद तिच्यापुढे परत ठेवला.

"हा प्रश्न तुमचा नाही."

"मीच लिहिलाय."

"लिहिलात तुम्ही. पण यात तुम्ही कुठे आहात? मुलं आहेत, वर्ग आहे, लक्ष नसणं आहे. शिकवणारी बाई कुठंच दिसत नाही."

मागच्या बाकावरचे दोन मास्तर हसले. देनियाला राग आला. पहाटेची मोटारहोडी पकडून, दोन तास पाणी अंगावर घेत ती तालुक्याच्या गावी आली होती, ती हे ऐकायला नव्हे. बढतीसाठी प्रमाणपत्र लागतं म्हणून तिने शिक्षक संघटनेच्या या शनिवारच्या वर्गात नाव घातलं होतं. कृतिसंशोधन म्हणजे काय ते तिला धड ठाऊकही नव्हतं. उबाल्दिना बाईंनी पहिल्याच दिवशी ते दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं: आपल्याच वर्गात आपण काय करतो ते परक्याच्या नजरेनं बघायचं आणि लिहून ठेवायचं. मग एकच गोष्ट बदलायची, आणि पुन्हा बघायचं.

"अकरा वर्षं शिकवतेय मी पाचवीला," देनिया म्हणाली.

"मग बघायला भरपूर आहे," बाई म्हणाल्या आणि पुढच्या कागदाकडे वळल्या.

पुएर्तो गार्साची शाळा पाणथळाच्या काठावर आहे. ला पाल्मिता पाण्यापलीकडे, कोळ्यांची वीसेक घरं. तिथली मुलं सकाळी होडीतून यायची, ओले पाय घेऊन मागच्या बाकांवर बसायची आणि दुपारी तशीच मुकाट निघून जायची. त्या वर्षी पाचवीत अशी सात मुलं होती. शिक्षकांच्या खोलीत त्यांना 'चिखलातले' म्हणत. देनियाही म्हणायची. त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं.

सोमवारी तिने फोन टेबलावरच्या खडूच्या डब्यामागे ठेवला आणि गणिताचा अख्खा तास ध्वनिमुद्रित केला. संध्याकाळी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत तिने तो लावला. पहिली दहा मिनिटं ती आपलाच आवाज कौतुकाने ऐकत होती. मग तिचे हात थांबले. तिने शेंगांची परात बाजूला सारली, पेन आणलं, आणि तास पहिल्यापासून पुन्हा लावला.

चाळीस मिनिटांत तिने एकसष्ट प्रश्न विचारले होते. त्यातले चोपन्न पहिल्या बाकावरच्या चार मुलांनी उचलले होते. चौघंही गावातली, दुकानदारांची आणि कारकुनांची. दोन प्रश्न हवेतच विरले होते. ला पाल्मिताच्या मुलांच्या वाट्याला उरले पाच, आणि त्या पाचांचीही उत्तरं तिने स्वतःच देऊन टाकली होती. "यादेल्सी, तू सांग बघू," असं म्हणून "बरं, दुसऱ्या कुणाला येतंय?" असं म्हणेपर्यंत दोन सेकंदही गेलेले नव्हते. तिने घड्याळ लावून पाहिलं. जांभई द्यायला याहून जास्त वेळ लागतो.

पुढच्या शनिवारी ती तावातावानेच पोचली. "ही मास्तरांचा अपमान करायची पद्धत आहे," ती म्हणाली.

उबाल्दिना बाईंनी आकडे नीट वाचले. "एका दिवसावरून काही ठरत नाही. तुम्हाला ताप असेल, पोरं दमलेली असतील. अजून तीन तास घ्या."

तिने तीन तास घेतले. पहिला तास त्यातल्या त्यात बरा होता, इतकंच कळलं.

मग तिने प्रश्न बदलला. 'मी विचारल्यावर मुलाला उत्तर द्यायला किती वेळ देते, आणि तो वाढवला तर काय होतं?' बाईंनी या वेळी चष्मा वर सरकवला नाही. "हा तुमचा," एवढंच म्हणाल्या.

ऐकायला सोपं वाटतं. नाव घ्यायचं, प्रश्न विचारायचा आणि मनात सात मोजेपर्यंत तोंड मिटून उभं राहायचं. पहिल्या दिवशी देनियाला घाम फुटला. पहिल्या बाकावरचे हात वाऱ्यावरच्या लव्हाळ्यासारखे डोलत होते, "सेन्यो, मी, सेन्यो, मी" असं बाईंना हाकारणं चाललं होतं, आणि मागे यादेल्सी बाकाच्या फळीकडे बघत होती. सात झाले. काही नाही. दुसऱ्या दिवशीही काही नाही. शिक्षकांच्या खोलीत ओसिरिस, चौथीची बाई, कॉफी ओतता ओतता म्हणाली, "काय गं, तुझ्या वर्गातून आवाज येत नाही हल्ली. पोरं मेली की तू?"

"मी गप्प राहायला शिकतेय."

"नवऱ्याला सोडलंस तेव्हा शिकायचं होतंस," ओसिरिस म्हणाली आणि खोली हसली. देनियाही हसली, पण दुपारी पुन्हा फोन डब्यामागे ठेवला.

पाचव्या दिवशी अपूर्णांक चालले होते. तीन चतुर्थांश मोठे की दोन तृतीयांश, असा प्रश्न होता. तिने यादेल्सीचं नाव घेतलं आणि मोजायला लागली. सहावर असताना मागून आवाज आला, इतका बारीक की पुढच्या मुलांनी वळून पाहिलं.

"तीन चतुर्थांश. थोडेसेच मोठे."

"कशावरून?" पुन्हा एक, दोन, तीन.

"एकात पाव कमी पडतो, दुसऱ्यात तिसरा हिस्सा कमी पडतो. पाव लहान, म्हणजे ज्याला पाव कमी पडतो ते मोठं."

देनियाने हे कधी शिकवलं नव्हतं. तिने छेद समान करायला शिकवलं होतं, फळाभर आकडेमोड करून. मग तिने यादेल्सीला फळ्यापाशी बोलावलं आणि तेच सगळ्यांना सांगायला लावलं.

तास संपल्यावर तिने सातही मुलांना थांबवून घेतलं. "इतके दिवस का नाही बोललात?"

मुलं एकमेकांकडे बघत राहिली. देनियाही थांबली, आता तिला ते थोडं थोडं जमायला लागलं होतं. शेवटी यादेल्सीच बोलली. "तुम्ही नाव घ्यायचात आणि लगेच पुढे जायचात. आम्हाला वाटायचं, हजेरीसाठी घेताय."

हे उत्तर तिने वहीत लिहून ठेवलं. त्या पानावर तिने दुसरं काही लिहिलं नाही.

सहा आठवड्यांनी आकडे निराळे झाले. आता तासाला एकसष्ट नव्हे, वीसेकच प्रश्न व्हायचे आणि त्यातले सात-आठ मागच्या बाकांवरून सुटायचे. चुकीची उत्तरंही भरपूर यायची. पण चूक ऐकू आल्याशिवाय दुरुस्त कशी करणार, हेही तिला आत्ताच कळत होतं. अशात एका सकाळी हेडसर, आरिस्तिदेस पाद्रोन, यादी घेऊन आले.

ही यादी दरवर्षी निघायची. सरकारी परीक्षेच्या आधी महिनाभर 'तयारी वर्ग' म्हणून काही मुलं स्वयंपाकघरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवायचे. तयारी वर्गातली मुलं परीक्षेला धरली जात नसत. शाळेची सरासरी वर राहायची, आणि फाटकावरची चांगल्या निकालाची निळी पाटी दरसाल नवी व्हायची. यादीखाली वर्गशिक्षिकेची सही लागे.

यादीत सात नावं होती. देनियाने ती वाचली आणि कागद परत केला.

"सही राहिली," हेडसर म्हणाले.

"राहिली नाही. मी करत नाहीये."

हेडसर खुर्ची ओढून बसले. तसा हा माणूस वाईट नव्हता. छप्पर गळायला लागलं की स्वतः शिडीवर चढायचा. "बाई, परीक्षा महिन्यावर आली आहे."

"मुलं वर्गात बोलायला लागलीत, सर. माझ्याकडे सगळं लिहिलेलं आहे. बघा तुम्ही."

"परीक्षा बोलून होत नाही, पेन्सिलीने होते. आणि हे काय लिहिलंय? तुम्हाला संशोधनाची परवानगी कुणी दिली? संशोधन विद्यापीठात करतात. तुम्ही पाचवीच्या शिक्षिका आहात."

"पाचवीची आहे म्हणूनच. माझ्या वर्गात मी काय करते ते बघायला मला कुणाची परवानगी हवी?"

हेडसरांनी यावर वाद घातला नाही. उठून कपाट उघडलं, एक फाइल काढली आणि तिच्यापुढे एकेक कागद मांडत गेले. मागल्या दहा वर्षांच्या दहा याद्या. प्रत्येकीखाली तीच सही, शेवटच्या अक्षराला तोच गोल फाटा.

"मग या सगळ्या चूक होत्या का?"

देनियाने कागद बघितले. चार वर्षांपूर्वीच्या यादीत तिसरं नाव होतं मारेल्विसचं. यादेल्सीची थोरली बहीण. उंच, केस घट्ट बांधणारी मुलगी. त्या मुलीचा आवाज कसा होता ते देनियाला आठवेना. तिने तो ऐकलाच नव्हता.

"हो," ती म्हणाली. "चूक होत्या."

"लेखी द्याल?"

हेडसरांना वाटलं ती इथे थबकेल.

"देईन. तारखेसकट देईन."

त्याच दुपारी ती मुलांच्या होडीत बसून ला पाल्मिताला गेली. मुलं तिच्याकडे चोरून बघत होती. सेन्यो कधी या बाजूला आलेली कुणी पाहिली नव्हती. मारेल्विस घरामागे ओंडक्यावर बसून बोकाचिको मासे साफ करत होती. सुरी शेपटीकडून डोक्याकडे चालायची आणि खवले उडायचे. पंधरा वर्षांची झाली होती. तिने मान वर केली, ओळखलं, आणि पुन्हा माशाला हात घातला.

"इकडे कशा आज?"

"तुला विचारायचं होतं. तुला शेडमध्ये बसवलं तेव्हा तिथे काय करायचीस?"

मारेल्विसने एक मासा संपवला, दुसरा घेतला. देनिया उभीच राहिली.

"राजधान्या उतरवायचो," मारेल्विस म्हणाली. "सगळ्या देशांच्या. वही भरली की खोडायचं आणि पुन्हा उतरवायचं."

"मग शाळा का सोडलीस?"

"मी नाही सोडली. सहावीत नाव घालायला गेलो तर म्हणाले, शेडमधल्यांची पाचवी धरत नाहीत, पुन्हा बसा. आई म्हणाली, बस पुन्हा." सुरी थांबली. "तुमच्या वर्गात पुन्हा नव्हतं बसायचं मला."

देनिया बोलणार इतक्यात दारातून बेनिल्दा, या दोघींची आई, बाहेर आली. कोपरापर्यंत हात मिठाने पांढरे झाले होते. तिने सगळं आतून ऐकलं होतं.

"माफी मागायला आला असाल, सेन्यो, तर होडी अजून धक्क्यावर आहे. जा तुम्ही."

"माफीसाठी नाही आले. यंदाच्या यादीत यादेल्सीचं नाव आहे. मी सही केलेली नाही, हे सांगायला आले. शुक्रवारी पालकांची सभा आहे. मी काय करत होते ते मोजलंय, ते सगळ्यांपुढे वाचणार आहे. तुम्ही ऐकावं असं वाटतं."

"आणि हिचं?" बेनिल्दाने मुलीकडे हनुवटी केली. "हिचंही वाचणार?"

"ती हो म्हणाली तरच."

मारेल्विसने सुरी पाण्यात बुडवून धुतली. मग म्हणाली, "वाचा. नाव घालून वाचा. नाव गाळायचं काम एकदा झालंय."

शुक्रवारच्या सभेला ला पाल्मिताहून चार होड्या आल्या. इतकी माणसं त्या बाजूने कधीच येत नसत. बाक कमी पडले. हेडसरांनी निळ्या पाटीबद्दल, छपराबद्दल सांगितलं आणि देनियाला पाच मिनिटं दिली. तिने वही उघडली. आवाज कापत होता म्हणून तिने पहिलं वाक्य दोनदा वाचलं: "मी एका तासात एकसष्ट प्रश्न विचारले. त्यातले पाच मागच्या बाकांना विचारले, आणि त्यांची उत्तरं मीच दिली."

ती वाचत गेली. सहा आठवड्यांत काय बदललं, काय बदललं नाही. यादेल्सीचं अपूर्णांकाचं उत्तर. हजेरीचं वाक्य. शेड, राजधान्या, मारेल्विस. दहा याद्या आणि दहा सह्या. "या सह्या माझ्या आहेत," ती म्हणाली. "अकरावी मी करणार नाही. ही मुलं मंद आहेत असं मी दहा वर्षं लिहून दिलं, ते मी कधी तपासलं नव्हतं. आता तपासलंय."

"पाच मिनिटं झाली," हेडसर म्हणाले.

"झाली. तरी थोडं राहिलंय." आणि तिने उरलेलं वाचलं.

पहिल्या बाकावरच्या एका मुलाचे वडील, औषधांच्या दुकानाचे मालक, उठले. "सेन्यो, तुमची कळकळ कळली. पण तुम्ही यांच्यासाठी थांबत बसलात तर आमच्या पोरांचा वेळ जातो, त्याचं काय?"

देनिया उत्तर देणार होती. पण मागे बेनिल्दा उभी राहिली होती.

"आमच्या पोरांचा वेळ दहा वर्षं तुमच्या पोरांना दिला," ती म्हणाली. "आम्ही पावती मागितली?"

बेनिल्दा देनियाकडे वळली. "आणि सेन्यो, तुम्ही चांगलं वाचलंत म्हणून मी टाळ्या वाजवणार नाही. माझ्या पोरीची चार वर्षं वाचून परत येत नाहीत."

"नका वाजवू," देनिया म्हणाली.

"सर, तुम्हाला सांगते. सोमवारी यादेल्सी त्या पत्र्याखाली जाणार नाही. ती आपल्या बाकावर बसेल. मी दारात बसेन. तिला उठवायचं असेल तर आधी मला उठवावं लागेल, आणि मी जड आहे."

ला पाल्मिताच्या बायांत हसू पसरलं. मग दुसरी आई उठली, तिसरी उठली. एक आजोबा उठले आणि म्हणाले की आपला नातू यादीत आहे की नाही हे आपल्याला माहीत नाही, पण सोमवारी आपणही दारात बसणार.

सोमवारी सात मुलं आपापल्या बाकांवर बसली आणि पाचवीच्या दारात नऊ माणसं. त्यांनी येताना उकडलेले युकाचे कंद, तळलेली केळी आणि मासे बांधून आणले होते. हेडसर दोनदा व्हरांड्यातून फिरून गेले. यादी त्यांनी सहीशिवायच वर पाठवली. चार दिवसांनी ती 'अपूर्ण' असा शिक्का घेऊन परत आली. तोवर मुलांची नावं परीक्षेला चढली होती.

निकाल लागला. सातांतली चार मुलं पास झाली, तीन नापास. यादेल्सीला गणितात वर्गात तिसरा नंबर मिळाला, भाषेत ती जेमतेम पास झाली. शाळेची सरासरी घसरली आणि निळी पाटी गेली. हेडसरांनी घसरलेली सरासरी सूचनाफलकावर लावली, खाली पाचवीच्या वर्गशिक्षिकेचं नाव घातलं. देनियाने त्याच कागदाशेजारी स्वतःच्या हाताने दुसरा लावला: आदल्या वर्षी परीक्षेला किती मुलं बसली, यंदा किती बसली. कुणी तरी तो फाडला. तिने पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा ओसिरिसने टाचण्या पुरवल्या.

"मोजतात कसं ते मला दाखव," ओसिरिस हळूच म्हणाली. "पण दार लावून. आणि कुणाला बोललीस तर बघ."

मारेल्विसने पाचवी पूर्ण केली होती असं देनियाने लेखी दिलं, जुन्या यादीवरची आपली सही चुकीची होती असं कबूल करून. तालुक्याच्या कचेरीतून अजून उत्तर नाही. ती दर महिन्याला स्मरणपत्र पाठवते आणि पोच घेऊन ठेवते. सहावीत येशील का, असं तिने मारेल्विसला विचारलं तेव्हा ती म्हणाली, आधी कागद येऊ दे, मग ठरवीन. देनियाने गळ घातली नाही.

उबाल्दिना बाईंनी प्रमाणपत्र दिलं. अहवालाच्या शेवटी 'निष्कर्ष' असा मथळा होता आणि त्याखाली देनियाने लिहिलं होतं: तीन मुलं नापास का झाली ते मला अजून कळलेलं नाही. बाईंनी त्यावर खूण केली आणि विचारलं, "पुढे?"

"पुढच्या वर्षी मला दुसरी दिलीय. शिक्षा म्हणून."

"लहान मुलं जास्त वेळ घेतात."

"तेच बघायचंय," देनिया म्हणाली.

नवं वर्ष सुरू झालं त्या दिवशी फलकावर नवी सूचना होती: वर्गात कोणत्याही प्रकारचं ध्वनिमुद्रण करण्यास मनाई आहे. देनियाने ती वाचली, फोन बंद करून पिशवीत टाकला आणि ला पाल्मिताला निरोप धाडला. बुधवारी बेनिल्दा दुसरीच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसली. तिला अक्षर येत नव्हतं, रेघा येत होत्या. एका कागदावर तिने पुढच्या बाकांसाठी वर आणि मागच्यांसाठी खाली रेघा ओढल्या. देनिया घाईने स्वतःच उत्तर देऊन बसली की तिथे फुली. हेडसर दारात आले, पाहून गेले. पालकांनी वर्गात बसू नये असा नियम कुठल्याच पुस्तकात नव्हता. देनियाने ते आधीच तपासून ठेवलं होतं.

तास सुटल्यावर बेनिल्दाने कागद पुढे केला. "दोन फुल्या आहेत. त्या तोतऱ्या पोराच्या वेळी. दोन्ही वेळा त्याच्या तोंडातला शब्द काढून घेतलात."

"कळलं होतं मला तेव्हाच."

"कळलं होतं तर मग का घेतलात?"

देनियाने वही उघडली आणि बेनिल्दाचा प्रश्न जसाच्या तसा लिहून घेतला.

"उद्या येता?" तिने विचारलं.

"उद्या जाळी आहेत," बेनिल्दा म्हणाली. "परवा येते. तोवर तुम्ही तोंड आवरा."